सहाशे बारा संडासांच्या मोहिमेची हकिकत

सावधचित्ते परिसावे. स्टेडियमाचे जे राजकारण जाहले, त्यात कोण कोणत्या बाजूस होते आणि कोणाची अक्कल कोठे गहाण पडली होती, हे पुढिलांस कळावे, यास्तव कोणाची भीड न धरिता हे वर्तमान लिहिले असे.

पंधरा दिवसांचे जंगी सामने भरविणेचा हुकूम जाहला, मग डोंगराएवढे स्टेडियम उभे राहिले, आणि प्रेक्षकांस्तव सहाशे बारा संडास बांधिले, आणि सामने संपून पाहुणे गेले, मग दरवाजांस कुलुपे पडली ती आठ वर्षे निघाली नाहीत. स्टेडियमाच्या चिरकाल सदुपयोगाची तजवीज करणेस समिती नामजद होती. समितीने आठ वर्षे खलबते केली, आणि चहा घेतला, आणि पुढील बैठकीची तारीख ठरविली. याहून मोठा पराक्रम तिच्या हातून जाहला नाही.

या मुलखाचे खरे रक्षक प्लंबरकाका. संडास वापरात नसला की भांड्यातील पाणी आटते आणि गटाराची घाण वर येते, यास्तव दर आठवड्यास सहाशे बारा भांड्यांत पाणी सोडणे ही चाकरी काकांचे शिरी होती. जिने चढून गुडघे कामातून गेले, परंतु काकांस सल निराळाच होता. स्टेडियमाचे भिंतीस लागून मुलींची शाळा, तेथे दोनशे दहा मुलींस संडास एक, आणि काकांची नात त्याच शाळेत. जावे लागू नये म्हणून ती दिवसभर पाणी पीत नसे, आणि सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी भरलेलीच घरी येई, आणि दोन वेळा लघवीच्या जळजळीने ती तापली. बाटलीतले ते पाणी मोरीत ओतताना काकांचा जीव तुटे.

मग काकांनी तीन अर्ज गुजरिले, की तळमजल्याचे संडास मुलींस खुले व्हावे. समितीचे फर्मान आले, की भांडी जागतिक दर्जाची असोन किरकोळ वापराने दर्जा खालावेल. वापराने वस्तू नासते ऐसे मानणारे लोक सदुपयोगाचे मुखत्यार होते, आणि याची लाज एकासही वाटली नाही.

तेव्हा काकांनी शस्त्र काढिले. आठ वर्षे न घेतलेली रजा एकदम मागितली, आणि ती तत्काळ मंजूर जाहली, कारण काका करितात काय हे समितीत कोणास ठाऊक नव्हते. मग काका घरी गुडघ्यांस तेल चोळीत बसले, आणि इकडे एकामागून एक भांडी आटली, आणि पाचव्या आठवड्यात समितीची वार्षिक बैठक स्टेडियमात भरली, मग दुर्गंधीची फौज सहाशे बारा दरवाजांनी चालून आली. अत्तराचे फवारे मारिले, ते घटकाभर टिकले. अध्यक्ष नाकास रुमाल लावून जिन्यावरून पळाले, आणि सदस्य त्यांच्याही पुढे होते.

काकांस तातडीने बोलाविले. काका म्हणाले, "साहेब, रोज कुणी वापरलं की वास येत नाही. माझ्याच्यानं आता जिने होत नाहीत. तळमजला शाळेतल्या मुलींना द्या, वरच्या भांड्यांची तोंडं मी बंद करून देतो."

मग फर्मान निघाले, की मुलींची नेमणूक दुर्गंधीनिवारणार्थ केली असे, त्यांनी वेळच्या वेळी हजर होऊन सदुपयोग करावा. दयेचा शब्द त्यात नव्हता, शरमेचाही नव्हता. समितीने यास दीर्घकालीन धोरण ऐसे नाव दिले आणि दारावर आपल्याच नावांची पाटी ठोकिली.

सोमवारी कुलूप निघाले. संध्याकाळी काकांनी नातीच्या दप्तरातून बाटली काढिली, ती हलकी लागली.

"सांडलीस का गं?"

"नाही आजोबा, प्यायले."

येणेप्रमाणे स्टेडियम फत्ते जाहले आणि बाटली रिकामी हाती आली, हे कायम केले असे.