स्लॅब ठोकणारे रामटेकेकाका

कुरुळीत आमच्या घरामागं मी भाड्यानं द्यायला चार खोल्या बांधल्या. नवाकोरा स्लॅब, रंगाचा वाससुद्धा गेला नव्हता. पहिला भाडेकरू मंगेश रामटेके टेम्पोतून सामान उतरवत होता आणि त्याचे वडील काठीनं माझा स्लॅब खालून ठोकत होते. ठोकायचे, ऐकायचे, दोन पावलं सरकायचे, परत ठोकायचे.

"काय झालं काका?" मी विचारलं. मालक माणूस, विचारणं भागच.

"छत बोलते कसं ते पाहून रायलो. पोकळ असलं तं ढब आवाज येते. तुमचं सध्या चांगलं बोलून रायलं."

त्या 'सध्या'पायी मी आठवडाभर नीट झोपलो नाही.

रामटेकेकाकांचा सारा जन्म चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीत गेला. कामाला हात घालायच्या आधी छत ठोकून बघायचं, ही तिथली रीत. पुढं खाण बंद पडली, काकू वारल्या. चाकणच्या पट्ट्यात नोकरीला लागलेल्या एकुलत्या एका मुलानं मग त्यांना इकडं आणलं. आता मंगेश हीच त्यांची सगळी दुनिया. त्याची शिफ्ट सुटायच्या आधीच म्हातारा आमच्या फाटकाशी जाऊन बसायचा.

बसायचे तर बसायचे, पण स्वस्थ नाही. खाणीत उतरणाऱ्याचे खिसे तपासतात, काडेपेटी आत नेलेली चालत नाही. माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तर काकांनी नवऱ्यामुलाच्या मामालाच फाटकात अडवलं आणि दोन्ही खिसे चाचपले. तंबाखूची पुडी निघाली. "हे चालते," म्हणून परत दिली. लग्न जमलं, पण मामा अजून आमच्या दारात आले की आधी हात वर करतात.

मी चिडलो होतो. आई म्हणाली, "म्हातारं येडं न्हाई रं. करमत न्हाई त्याला हितं."

खरंच करमत नव्हतं. "आमच्या कॉलनीत तेलुगू, बिहारी, छत्तीसगडी, समदे," ते आईला सांगायचे. "जयंतीच्या मिरवणुकीत सारेच नाचत. दिवाळी एकाची, फराळ साऱ्यायचा."

"आन् आता?"

"आता क्वार्टरच्या खिडक्या बी लोकायनं काढून नेल्या."

परवा मंगेश पहिल्या शिफ्टला गेला होता. काका ओट्यावर आईबरोबर मेथी निवडत बसले होते. तेवढ्यात ओढ्यापलीकडच्या मंगेशच्या कंपनीचा भोंगा वाजला आणि वाजतच राहिला. आम्हाला त्याचं काही नाही. कंपन्यांत अधूनमधून सराव असतो, कामगारांना मैदानात उभं करतात, मोजतात आणि परत आत पाठवतात. पण काकांनी मेथी टाकली आणि अनवाणी धावत सुटले. मी गाडी काढून मागं गेलो. सराव आहे, सराव आहे, असं ओरडत होतो, पण ऐकतंय कोण.

गेटवर वॉचमननंही समजावलं. काका जाळी धरून उभेच. शेवटी रांगेतल्या मंगेशनं लाजत हात वर केला. तरी ती रांग आत जाईपर्यंत म्हातारा हलला नाही.

मी त्यांना गाडीवर मागं बसवलं. ओढ्यावरच्या मोरीपाशी आल्यावर म्हणाले, "थांबव भाऊ, पायात काटा रुतला."

दोघं मोरीवर बसलो.

"खाणीत काही झालं की अवेळी भोंगा वाजे," काका म्हणाले. "कॉलनीतल्या साऱ्या बाया चुलीवरचं तसंच टाकून खाणीच्या तोंडाशी येत. मी वर आलो की ही उभी दिसेच. मी हसो तिले. म्हणो, कायले धावत येतं वो, मले काय होते?"

मी गाडीची किल्ली काढून खिशात टाकली.

"खाली आमाले भोंगा ऐकूच येत नव्हता भाऊ. आपलं माणूस आत अन् आपण बाहेर, असा आज पहिल्यांदा ऐकला."

त्यांनी तळपायाचा काटा काढला, हातात धरून बघत राहिले.

"ती असती तं आता घरी जाऊन सांगितलं असतं तिले."

"काय?"

"का लय भेव लागते म्हणून."