सामानापाशी कोणी बसायचं?

दसऱ्यानंतरचा सोमवार. काम : पचमढीहून आलेले चिखलाचे कपडे मशीनला लावणे आणि कुसुमताईंची थैली धुणे.

कुसुमताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. पाहण्यासारखी एकही जागा त्यांनी सोडलेली नाही, आणि त्यांतली एकही पाहिलेली नाही. रामटेकला त्या पायऱ्यांशी चपला राखत बसतात. समुद्रावर नेलं, तर समुद्राकडे पाठ करून बसल्या, कारण टॉवेल त्या बाजूला होते. गाडीतून उतरलं की त्यांचं एकच वाक्य : "तुमी या पाहून. मी सामानापाशी बसतो."

राखणही साधी नाही. सगळ्या पिशव्यांचे बंद एकमेकांत गुंतवायचे आणि शेवटचं टोक पदराला बांधायचं. एकदा स्टेशनवर गाडी आली आणि गाठ सुटेना. शेवटी सामान आणि ताई, दोन्ही एकत्रच डब्यात चढवलं.

बरं, पाहिलं नाही म्हणून गप्प बसाव्यात, तर तेही नाही. आम्ही दमून परत आलो की उलटतपासणी सुरू. देवळाचं तोंड कोणीकडं? पुजारी म्हातारा का जवान? प्रसादात खोबरं होतं का? मला वेगळं विचारतात, नवऱ्याला वेगळं, मुलीला वेगळं. येणाऱ्या-जाणाऱ्या अनोळखी लोकांनाही सोडत नाहीत. मग कामठीला आपल्या घरी गेल्या, की शेजारणींपुढे त्या जागेचं वर्णन सुरू. ताई तिथं एकट्याच राहतात. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. शेजारणींना वेळ असतो.

मागच्या वर्षी असंच वर्णन चालू असताना माझा नवरा मध्येच म्हणाला, "ताई, तळं देवळाच्या मागं आहे."

"तू नुसता पाहून आला, बाबू," ताई म्हणाल्या. "मी साऱ्याइले इचारलं."

फोटो काढून पाहिला. तळं समोर होतं.

या खेपेला मी ठरवलं, की पुरे झालं. ताईंना पचमढीचा धबधबा दाखवायचाच. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात भाड्याची जिप्सी जीप थांबते तिथून धबधब्यापर्यंत चालायला थोडंसंच आहे. ताईंचे गुडघे ठणठणीत आहेत. कामठीच्या बसमागं धावताना मी त्यांना पाहिलं आहे. तेव्हा सगळं सामान मी हॉटेलातच ठेवायला लावलं. पाण्याची बाटली ज्याची त्याच्या हातात.

जिप्सीतून उतरलो, तर ताईंनी सीटखालून एक थैली ओढून काढली. आत चिवडा, छत्री, स्वेटर, जुना पेपर.

"ही कुठून आली?"

"हाटेलातून. तुमी या पाहून. मी..."

"थैली गाडीत राहील. ड्रायव्हर आहे ना इथं."

"अन् थो चहाले गेला त?"

ड्रायव्हरनं हसून सांगितलं, "नहीं जाऊँगा, माताजी."

"बंदर आया तो?"

"भगा दूँगा."

आपल्या जागेवर नेमलेल्या नव्या माणसाकडे पाहावं, तसं ताईंनी त्याच्याकडे पाहिलं.

नवरा आणि मुलगी पुढे गेले होते. मी ताईंचा हात धरून चालू लागले. पाण्याचा आवाज येत होता. ओल्या केसांची माणसं परत येत होती, आणि ताई मागे वळून थैली पाहत होत्या. पहिल्या वळणावर त्या एका दगडावर बसल्याच.

"तुह्या चपला ठेव इथं. पुढं घसरते म्हणतात. मी पाहतो चपलाइले."

माझी सहनशक्ती संपली. "ताई, आज राखायला काही नाही. पुढच्या वेळीही मी काही आणणार नाही. एकदा उठून पाहायला तुमचं काय जातं?"

ताई चिडल्या नाहीत. कामठीची बस कुठं थांबते ते सांगावं, तशा सरळ आवाजात म्हणाल्या, "मंग मले कायले आणसान?"

"म्हणजे?"

"गाडीत तुमी तिघं पाय पसरून बसू शकता. सामानाले माणूस लागते, म्हणून मले बलावता. सामानच नसन त मी कोण्या कामाची वं, नंदा?"

मी "गुडघे दुखतात का," असं काहीतरी विचारलं. नाही म्हणाल्या. आम्ही दोघी जिप्सीकडे परत आलो. ताईंनी थैली मांडीवर घेतली आणि ड्रायव्हरला चहाला पाठवलं.

बाकीचे आल्यावर तपासणी झाली.

"पाणी एका धारेनं पडून राहिलं का फुटून?"

मुलगी म्हणाली, एका धारेनं. नवरा म्हणाला, फुटून.

"काहून जाता गा तुमी, धड पाहत नाही त?" ताई म्हणाल्या. जेवतानाही त्यांना तोच घोर लागला होता : एका धारेनं का फुटून?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिप्सी पुन्हा बोलावली. नवऱ्यानं कारण विचारलं. "चल," एवढंच सांगितलं. थैली मी स्वतः उचलली, त्या वळणावर गेले आणि त्याच दगडावर बसले.

"ताई, काल मी धबधबा पाहिलाच नाही. हे दोघं दोन गोष्टी सांगतात. मला भरवशाचं माणूस पाहिजे. तुम्ही या पाहून."

"अन् तू?"

"मी सामानापाशी बसते."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, थैलीकडे पाहिलं, झाडावरच्या माकडांकडे पाहिलं. मग खाली वाकून थैलीचा बंद माझ्या ओढणीला बांधला. एक गाठ मारली, ओढून पाहिली, आणखी एक मारली.

"उठजो नको," म्हणाल्या, आणि भावाच्या मागं चालू लागल्या. वाट वळते तिथं थांबून त्यांनी एकदा थैलीकडे पाहिलं, मग दिसेनाशा झाल्या.

थोड्या वेळानं एक माकड खाली उतरलं. मी थैली पोटाशी धरली आणि ताई आल्यावर काय काय विचारायचं ते ठरवत बसले.