घाटंजीकर पुंडलिकरावांनी संकेतस्थळ सर केले त्याची हकीकत

श्री. सकळ वाचकजनांस विदित व्हावे ऐसे जे, जिल्हे यवतमाळ, कसबे घाटंजी येथील कापूस-तुरीचे धनी, गद्यधुरंधर राजश्री पुंडलिकराव यांणी संकेतस्थळाची मोहीम मांडिली, तींत शिकस्त कैसी खाल्ली आणि फत्ते कैसी जाहली, तो मजकूर लिहितो. बखरकार म्हणजे खासे पुंडलिकरावच. दुसऱ्या कोणास हा विषय लिहिण्याजोगा वाटला नाही, सबब हा भार त्यांणीच शिरी घेतला.

मोहिमेचे कारण ऐसे. रावांची वडील भगिनी नंदाबाई मौजे मुकुटबनीं राहत. गुडघ्यांमुळे त्यांचे येणेजाणे बंद पडले होते. रावांनी मातुश्रींवर कथा लिहिली, ती एका दिवाळी अंकी छापून आली, परंतु तो अंक मुकुटबनास काही पोहोचला नाही. तेव्हां बाईंनी फोनवरोन हुकूम फर्माविला की, डोळे चालतात तोवर मायची गोष्ट मोबाइलात धाडावी. दुसरा कोणी असता तर कथा तैसीच धाडोन मोकळा होता. परंतु रावांचे चित्ती राज्यतृष्णा उपजली. कथा धाडावी ती स्वतंत्र संकेतस्थळावरोन, म्हणजे बहिणीसंगे अवघा महाराष्ट्रही वाचील, ऐसी मसलत ठरली.

मग रावांनी तयार साच्यांतील एक साचा निवडिला, आणि काळ्या पानावर सोनेरी अक्षरे चढविली, आणि दारातच तुतारी बसविली, ती पान उघडताच आपोआप वाजे. मग शाल-श्रीफळाच्या छबींची फौज उभी केली, आणि अग्रभागी खाशांची छबी: कपाशीत उभे, हाती लेखणी, नजर आभाळी. ती काढतेसमयी कपाशीची झाडे पायाखाली मोडली, त्याचा उल्लेख परिचयात नाही. परिचय मात्र कथेहून लांब. कथा कोठे ठेवावी हा सवाल सर्वांचे शेवटी निघाला. तेव्हां ती ‘साहित्यसंपदा’ नामे दालनी, तेथोन ‘गद्यवैभव’ नामे पोटदालनी, अगदी तळाशी ठेविली.

दुवा मुकुटबनास रवाना जाहला. भेटींचा आकडा भराभर चढो लागला, राव हर्षित जाहले. मग उमजले की, आकडा पाहावयास आपण जितके वेळां जातो तितकाच तो वाढतो. इतक्यात बाईंचा फोन आला.

“पुंडलिक, बाजा वाजून राह्यला न तुयाच फोटो फिरून राह्यला. गोष्ट कोठी हाय?”

“बाई, खाली जाय. साहित्यसंपदेत...”

“कोनाच्या संपदेत? ते पिवळे अक्षरं मले दिसत नाही रे. मायवर लिवलंच नसन, तं तसं सांग.”

हा गोळा वर्मी लागला. राव ओसरीवर बसले ते जेवावयास उठले नाहीत.

तेव्हां त्यांच्या पत्नी कोकिळाबाई तुरीच्या शेंगा सोलीत होत्या, त्यांणी हात पुसोन मोबाइल मागोन घेतला आणि अवघा मुलूख नजरेखाली घातला.

“हे पान बाईंसाठी मांडलं का तुमच्यासाठी?”

ऐसे पुसोन कोकिळाबाईंनी संहार आरंभिला. प्रथम तुतारी गारद जाहली. पान पांढरे केले आणि अक्षरे काळी, मोठी. छबींमुळे पान उघडावयास विलंब लागे, सबब फौजेस रजा दिली आणि एकच लहान छबी ठेविली.

“परिचयात उत्तेजनार्थ बक्षीस तरी राहू दे,” ऐसी रावांनी याचना केली.

“बाई तुमाले ओयखते,” कोकिळाबाईंनी फर्माविले. परिचय एका श्वासात वाचवेल इतुकाच उरला. दालने पाडोन कथा थेट दारात आणिली, ऐसी की पान उघडताच पहिली ओळ दिसावी.

दुवा पुन्हा धाडिला. सांजवेळी बाईंचा फोन आला.

“वाचली,” बाई म्हणाल्या. “माय बाजारात पदर खोचून उभी राहे, तसंच लिवलं तू. पन एक खोटं हाय. व्यापाऱ्यानं कापूस ओला म्हनून वापस केला, तवा माय रडली नोयती.”

“मग?”

“रडली ते मी. तू तिच्या कमरेवर झोपेल होता. तिनं माह्यं तोंड पुसलं न गाठोडं उचललं.”

मातुश्रींच्या अश्रूंचा तो परिच्छेद म्हणजे रावांचा सर्वांत लाडका; त्याचीच तारीफ झाली होती. छापील अंकी तो जन्मभर तैसाच राहणार. संकेतस्थळी मात्र राव तत्क्षणी गेले, आणि तो परिच्छेद आपल्या हाते पुसोन टाकिला, आणि बाईंचे शब्द जैसे ऐकिले तैसे तेथे मांडिले. मांडते वेळी अक्षरे धूसर दिसत होती. तो दोष रंगाचा नव्हता.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. हाती आलेला वाचक एक. मातुश्रींच्या डोळ्यांत बेकायदा ठेविलेले पाणी जप्त करोन मूळ मालकीण नंदाबाई यांसी परत केले, ते नोंदीस असावे.