तुळजाअक्कांचा थर्मामीटर

तंजावूरच्या राजवाड्यामागे आमची जुन्या मराठी घरांची गल्ली आहे. तिथे तुळजाअक्का समोरून आल्या की माणसं नमस्कार करत नसत, जीभ बाहेर काढत. वकील काढत, संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक काढत, देवळात निघालेले गुरुजी सोवळ्यातून काढत. अक्का क्षणभर निरखत, "आज ताक पी, रसम नक्को," असं सांगून पुढे जात, आणि माणूस जीभ आत घेऊन कामाला लागे. पुण्याहून जुनी कागदपत्रं बघायला आलेल्या एका संशोधकांनी हा प्रकार पाहिला आणि ही दरबारी रीत केव्हापासूनची, असं मला विचारलं. मी म्हटलं, फार जुनी. दुसरं काही सांगून त्यांचा हिरमोड कशाला करायचा?

ह्या अक्का परवा गेल्या. नव्वदीच्या घरात होत्या. उभं आयुष्य सरकारी इस्पितळात नर्स म्हणून काढलं, शेवटी हेडनर्स झाल्या. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे वॉर्डाची सगळी शिस्त घरी आली ती एकट्या नवऱ्याच्या वाट्याला. सेतूराव हे कालव्यांच्या कचेरीतले कारकून. ते बायकोला 'सिस्टर' म्हणत. चारचौघांत म्हणत आणि त्यात आपण काही वेगळं करतो असं त्यांना कधी वाटलं नाही.

अक्का संसारही तितक्याच निष्ठेनं करत. पहाटे दारात कोलमची रांगोळी घालत ती पांढऱ्या गणवेशात. मग सेतूरावांचं जेवण रांधून, झाकून ड्युटीला जात. पलंगावरच्या चादरीचे कोपरे इतके घट्ट दुमडलेले असत की सेतूरावांना आत शिरायला खटपट करावी लागे. सांबारात मीठ पडे ते चमचा सपाट करून. आठवड्यातून एकदा घरातले सगळे चमचे, पळ्या, उलथनी मोठ्या पातेल्यात उकळत ठेवलेली असत. नवी लग्न होऊन आलेली माझी बायको त्यात डोकावून "काय शिजतंय, अक्का?" असं विचारून बसली आणि स्वच्छतेवरचं व्याख्यान ऐकून परत आली.

जीभ कशीही दिसो, निदान एकच असे. पोट. गुडघा दुखला तरी पोट, परीक्षेत नापास झालात तरी पोट. त्या वर्षांत गावात सगळंच नवं येत होतं. गल्लीवर केबलच्या तारा आल्या, वाण्याकडे परदेशी पेयांच्या बाटल्या आल्या, आणि बस स्टँडजवळ काचेच्या दारांचं नर्सिंग होम आलं. तिथे अख्ख्या शरीराची तपासणी एकदम, घाऊक भावात होत असे. आमचे वकील हौसेनं जाऊन आले आणि रंगीत आलेखांची फाइल घेऊन अक्कांकडे गेले. अक्कांनी ती चाळली.

"एवढं पाहिलं, जीभ कोणी पाहिली?"

वकिलांनी जीभ काढली.

"पोट," अक्का म्हणाल्या. वकील समाधानानं घरी गेले. फाइल तिथेच राहिली. ती पुढे अक्कांनी तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून वापरली.

मग अक्का निवृत्त झाल्या. हार, शाल, भिंतीवरचं घड्याळ, सगळं रीतसर झालं. दुसऱ्या दिवशी त्या ओट्यावर येऊन बसल्या आणि बसूनच राहिल्या. येणारेजाणारे सवयीनं जीभ काढत, तर अक्का न बघताच "सेरी, सेरी" म्हणत. सेरी म्हणजे बरं, ठीक. वकिलांची जीभ तशीच बाहेर राहिली. आठवडा गेला तरी चमचे उकळले नाहीत. चादरीचे कोपरे सुटलेले मी स्वतः पाहिले आणि मला वाईट वाटलं.

अशातच सेतूरावांना ताप आला.

मी बघायला गेलो. अक्कांनी पाऱ्याचा थर्मामीटर नवऱ्याच्या तोंडात दिला आणि मिरीचा कषायम, म्हणजे काढा, आणायला आत गेल्या. त्याबरोबर सेतूराव उठून बसले. त्यांनी थर्मामीटर काढून गरम कॉफीच्या टंबलरला टेकवला, उजेडात धरून पाहिला, थोडा झटकला, समाधान झाल्यावर पुन्हा तोंडात घातला. मग त्यांना मी दिसलो.

"बोलू नक्को बा," ते थर्मामीटरच्या कडेनं म्हणाले. "घरीं बसल्यापासून सिस्टर मला एकदाही रागावल्या नाहींत. मला भीती वाटते."

अक्का आल्या. चष्मा लावून वाचलं. "एकशे एक. तरी सांगत होतें, ओल्या डोक्यानं बाहेर बसूं नका." आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. पाठोपाठ मला पलंगावर बसल्याबद्दल उठवलं, खिडकी उघडायला लावली आणि जीभ बघितली.

तेव्हापासून सेतूरावांना अधूनमधून ताप येऊ लागला. तो नेहमी कॉफीनंतर येई आणि एकशे दोनच्या वर कधी जात नसे. सेतूराव बेतानं वागणारे गृहस्थ होते. चमचे पुन्हा उकळू लागले. गल्लीतल्या जिभा पुन्हा कामाला लागल्या.

आणि अक्कांचा भाचा सिंगापूरहून आला. त्यानं मावशीला आकडे दाखवणारा, शिट्टी वाजवणारा नवा थर्मामीटर भेट दिला. त्या संध्याकाळी सेतूराव मला गाठून म्हणाले, "तो अर्ध्या मिनिटांत ओरडतो म्हणे. सिस्टर समोर उभ्याच राहतील. आतां मी काय करूं?" माणूस खरोखर आजारी दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आमच्याकडे आल्या. हातात नव्या थर्मामीटरची पेटी.

"हा तूच ठेव."

"अक्का, चांगला अहे की. परदेशी."

"चांगलाच अहे. पण अर्ध्या मिनिटांत वाजतो. मला आत जाऊन यायला वेळच देत नाहीं."

मी पेटी हातात घेतली.

"मला कळत नाहीं वाटतं?" अक्का म्हणाल्या. "वॉर्डांत किती पेशंट असंच करत असत. घरीं जावंसं वाटत नसे म्हणून." मग म्हणाल्या, "जन्मभर मी ड्युटीवर आणि हे घरीं. गार भात जेवले. कधीं डोकं दुखतं म्हणाले नाहींत. म्हणायला घरांत होतं कोण? आतां म्हणतांत, तर म्हणूं दे. त्यांना सांगू नक्को."

मग माझी जीभ बघितली. पोट.

मी इकडचं तिकडे केलं नाही. सेतूरावांचा ताप पुढे कित्येक वर्षं सुखानं चालला. ते गेले मात्र एक दिवसही अंथरूण न धरता, दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या. अक्कांना काही करायला मिळालं नाही. हे मला फार लागलं.

दिवस झाल्यावर मी गेलो. घर लख्ख होतं. पलंगावरच्या चादरीचे कोपरे घट्ट दुमडलेले होते आणि त्यात शिरायची खटपट करणारं कुणी नव्हतं. अक्कांनी कॉफी आणली. मी जीभ काढली, तर त्या म्हणाल्या, "सेरी, सेरी." बघितलं नाही.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, कालपासून अंगांत कसकस अहे."

अक्कांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग कपाटातून जुना पाऱ्याचा थर्मामीटर आणला, झटकला आणि माझ्या तोंडात दिला. कॉफीचा वाफाळता टंबलर माझ्या हाताशी सरकवला.

"कषायम करून आणतें. वेळ लागेल," म्हणाल्या, आणि मागे न बघता आत गेल्या.