प्रतिभाच्या गोष्टीत नंदा मरत नाही

आमच्या शेजारची प्रतिभा कुणाशी भांडत नाही. राग आला की ती माणसाला गोष्टीत मारते. मला आजवर दोनदा मारलंय. एकदा विहिरीत ढकलून, एकदा पिठाच्या गिरणीत. माझा गुन्हा काय, तर केसांना तेल लाव म्हणाले होते.

पोरगी परभणीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे आणि भुताच्या गोष्टी लिहायचं तिला भलतंच वेड. आमच्या झरी गावात ओट्यावर मी दुपारची तूर निवडत बसले की ही मोबाईल घेऊन येते आणि वाचायला लागते. मधेच थांबून माझं तोंड न्याहाळते.

"भेव वाटायलंय का, काकू?"

"लय," मी म्हणते. नाही म्हटलं तर तिसऱ्यांदा मरायची पाळी.

तिच्या गोष्टीत सरपंच, कंडक्टर, गणिताचे सर, सगळे जातात. उरतात दोनच पोरी, ती आणि नंदा. नंदा ही तिची बालवाडीपासूनची मैत्रीण. एकदा मी वैतागून म्हटलं, "आगं, त्या नंदीलाबी मार की कधी. गोष्टीला दम येईल."

"नंदा मरत नसती," ती म्हणाली आणि उठून गेली.

उन्हाळ्यात नंदाला पालमला दिली. त्या घरात नवरीचं नाव बदलतात. नवऱ्यानं ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'वैभवी' लिहिलं, मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि आमच्या या बयेनं हात फिरवून तांदूळ सपाट केले.

"मंग नंदा कुठं गेली?"

लोक हसले. मी तिला बाजूला ओढलं.

त्यानंतर गोष्टीत कुणी मेलंच नाही. मलाच करमेना. म्हटलं, "लिही की गं काईतरी."

"काय लिहू, काकू? तिचा मोबाईल सासूकडं ऱ्हातो. फोन केला की सासू म्हणती, नंदा कुणी न्हाई हितं."

तिच्या इतक्या गोष्टी ऐकल्या, पण अंगावर खरा काटा आला तो तेव्हा. पोरीची फार दया आली. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी पालमची एसटी धरली.

दार सासूनं उघडलं. "कोण पायजे?"

प्रतिभानं विचारलं, "वैभवी हाय का?"

आतून उत्तर नाही. मग सासूनंही हाक मारली, "वैभवी!" तरी नाहीच.

"मलाबी असंच करती," सासू आमच्याकडं वळून म्हणाली. तिच्या आवाजात राग कमी आणि काळजी जास्त होती. "कानानं कमी हाय का काय, कळंना."

प्रतिभानं चौकट धरली आणि ओरडली, "नंदेऽ!"

आत परात दणकन पडली. पिठाच्या हातांनी नंदा धावत आली, प्रतिभाच्या गळ्यात पडली आणि दोघी हमसून हमसून रडायला लागल्या. सासू दारातून बाजूला झाली.

मग हळूच म्हणाली, "नंदा, पाणी दे की पावण्यांना."