गावंडे सरांच्या मॅडमला ऊन लागतं

गावंडे सर मोबाइलला कांदा बांधतात.

परत मागे जाऊन वाचू नका, बरोबरच वाचलंत. आम्ही नागपूरकर उन्हाळ्यात बाहेर पडताना खिशात कांदा ठेवतो, ऊन लागू नये म्हणून. सरांच्या खिशात कांदा नसतो. तो गाडीत असतो, समोरच्या काचेपाशी, स्टँडला लावलेल्या मोबाइलच्या शेजारी, रुमालात बांधलेला. वरून मोबाइलला ओला दुपट्टा गुंडाळलेला. फक्त तोंड उघडं. तोंड म्हणजे स्क्रीन.

"सर, हे काय सोंग?" मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं. मला मनात ठेवता येत नाही, मी बोलून मोकळी होते.

"मॅडमले ऊन लागते, वहिनी," सर म्हणाले. "परवा मेडिकल चौकात चक्कर आली होती तिले. डोळेच मिटले."

मॅडम म्हणजे मोबाइलमधली रस्ता सांगणारी बाई. 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा' म्हणते ती. सर तिला कधी 'ती बाई' म्हणत नाहीत. ती काही बोलली की आधी "हो मॅडम" म्हणतात, मग काय करायचं ते करतात.

मानेवाड्यात आमची आणि सरांची भिंतीला भिंत आहे. सर भूगोलाचे मास्तर होते, रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. आमच्या लाइनीतल्या अर्ध्या पोट्ट्यांना त्यांच्या हातचा मार खाऊन नद्या पाठ झालेल्या आहेत. खडू हातात घेऊन एका दमात फळ्यावर महाराष्ट्र काढायचे, कोकणाच्या खाचाखोचांसकट! आणि असा हा माणूस कोपऱ्यावरच्या डेअरीतून अर्धा लिटर दूध आणायला गाडी काढतो आणि मोबाइलमध्ये रस्ता लावतो. फाटक उघडून गाडी बाहेर निघते न निघते तोच मॅडम म्हणते, 'तुम्ही पोहोचला आहात.' सरांना वाईट वाटतं. "एवढ्यात?" म्हणतात.

बरं, विचारून तिचं ऐकतील? नाव नको. ती बोलली की सर पेपर तपासल्यासारखे मार्क देतात. "उत्तर बरोबर, रीत चुकली. अर्धा मार्क." रीत चुकली म्हणजे काय, तर तिला आमच्या गावासारखा पत्ता सांगता येत नाही. इथे कोणी मीटरबिटर मोजत नाही. जे आता जाग्यावर नाही त्याच्यावरून आम्ही पत्ता सांगतो. "ते पाडलेली टॉकीज आहे ना, तिथून आत घ्या. जिथं मोठं चिंचेचं झाड होतं, तिथं थांबा." सर हे मॅडमला शिकवत बसतात. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याला वाटतं, हा म्हातारा बायकोला समजावून राहिला. मग तो डोकावून पाहतो, तर बाजूला मी बसलेली. काय सांगू!

दसऱ्याला गाडीची पूजा सगळेच करतात. सरांनी मॅडमचीही केली. झेंडूची माळ, आपट्याचं पान, स्क्रीनवर हळदकुंकू. कुंकू चार्जिंगच्या भोकात गेलं आणि पुढचे काही दिवस मॅडम मुक्या झाल्या. दुरुस्तीवाल्याने सुईने कुंकू उकरून काढलं आणि विचारलं, "काका, मोबाइलचं लग्न लावलं का?"

आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे ती 'डावीकडे वळा' म्हणाली की सर हटकून उजवीकडे वळतात. वळतात आणि मान तिरपी करून कान देतात. "पाहा वहिनी, रागावते का. नाही रागावत! मुकाट्यानं दुसरा रस्ता शोधते. आमच्या हेडमास्तरात हा गुण नव्हता." आपण चिडलो की त्यांचं वाक्य ठरलेलं. "घाबरता काहून? पृथ्वी गोल आहे."

एकदा मिरच्या घ्यायच्या म्हणून मी त्यांच्या गाडीतून इतवारीला निघाले. डोळे मिटून माणूस पोचेल असा रस्ता. सरांनी मला जरीपटक्यात नेलं! इतवारी मागे सोडून, अख्खं शहर ओलांडून. मी तोंड सोडलं, "सर, मिरच्या राहू द्या, मला इथेच उतरवा, मी ऑटोने जाते." तेवढ्यात सरांचा फोन वाजला. पुण्याहून त्यांची पोरगी, पिंकी. सरांनी गाडी बाजूला लावली आणि माणूस जे बोलत बसला, जे बोलत बसला! मी आत घामाने निथळून राहिले. मिरच्या घ्यायच्या आधीच माझ्या नाकातोंडातून जाळ निघत होता. पुन्हा या गाडीत पाय ठेवणार नाही, असं मी त्या दिवशी घरी येऊन सगळ्यांना ऐकवलं.

आणि ठेवला. माझ्या भावाच्या पोराचं साक्षगंध होतं, रामटेकला, पोरीच्या घरी. पुण्यामुंबईचे लोक ज्याला साखरपुडा म्हणतात तेच. पोरीला घालायची अंगठी सैल झाली म्हणून इतवारीतल्या सोनाराकडे आवळायला टाकली होती, ती नेमकी त्याच सकाळी मिळायची होती. सगळं वऱ्हाड, माझ्या नवऱ्यासकट, पहाटेच गाडी करून निघून गेलं. अंगठी घेऊन मागून येणार कोण? आत्या. आत्याला नेणार कोण? भर मे महिन्यात नागपुरात रिकामा माणूस एकच.

"बाराच्या आत, सर," मी गाडीत बसतानाच बजावलं. "अंगठी नाही तर साक्षगंध नाही. भटजींना पुढे दुसरीकडे जायचं आहे. आज पृथ्वी गोल नाही."

"आज सपाट," सरांनी कबूल केलं.

आणि खरंच, माणूस शहाण्यासारखा चालवत होता. अंगठी घेतली, कामठी गेली, कन्हान गेलं. मॅडम सरळ म्हणे, सर सरळ जात. मला तर चुकल्या-चुकल्यासारखंच वाटायला लागलं. एसी नावालाच होता, बटण दाबलं की नुसता घुर्रर्र आवाज यायचा. काचा खाली केल्या तर बाहेरून भट्टीची वाफ. मी बाटलीतलं पाणी प्यायला घेतलं, तर सरांनी त्यातलं थोडं मागून दुपट्ट्यावर शिंपडलं. मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. शुभकार्याला निघाले होते.

तरी व्हायचं ते झालंच. मॅडम 'पुढे सर...' एवढं म्हणाल्या आणि स्क्रीन काळी. फोन पार तापला होता, हात लावला की चटका.

सरांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या कडेला, एका कडुनिंबाखाली.

"काय झालं?"

"मॅडम गेल्या."

"जाऊ द्या ना मग! रस्ता सरळ आहे, पुढे मनसरला उजवीकडे वळलं की रामटेक. शेंबड्या पोराला ठाऊक आहे!"

"मले ठाऊक नसन का, वहिनी?" सर दुपट्टा सोडून फोनला वारा घालत म्हणाले. "पण मॅडमले उठू द्या."

आता माझा पारा चढला. तेवढ्यात भावाचा फोन, "ताई, कुठी आहेस? भटजी घड्याळ पाहून राहिले." मी त्याला पाच मिनिटांत पोचते असं धडधडीत खोटं सांगितलं आणि सरांकडे वळले. म्हटलं, "सर, हद्द झाली. तिकडे पोरगी शालू नेसून बसली आहे आणि तुम्ही झाडाखाली मोबाइलला वारा घालता? कोण लागते ही मॅडम तुमची?"

सरांनी वारा घालणं थांबवलं. कांद्याचा रुमाल सोडला, परत बांधला.

"मॅडम कोणी नाही लागत," ते म्हणाले. "पण रस्ता लावला ना, की पिंकीले तिच्या फोनवर माझी गाडी दिसते. निळा ठिपका. कुठी चाललो, कुठवर आलो, सगळं. तिनंच करून दिलं मागच्याच्या मागच्या दिवाळीत. मॅडम गेल्या की ठिपका जाते."

"मग काळजी करेल म्हणता? माझ्या फोनवरून सांगा तिला."

"काळजी करन तर बरंच आहे की," सर हसले. हसू काही जमलं नाही. "ती कामात असते, वहिनी. ऑफिस, लेकरू. रविवारी फोन येते. 'बरे आहात ना? औषध घेतलं ना? ठेवते.' एकदम शुद्ध. मॅडमसारखंच. आपणही हो म्हणाचं. पण ठिपका भलतीकडे गेला का नाही, की लगेच फोन करते! 'बाबा, तुम्ही काहून तिकडं गेले?' रागावली की पुण्याचं 'का' जाऊन तिचं काहून परत येते. मग पाच-दहा मिनिटं बोलते. मायसारखी बोलते अगदी."

पिंकीची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मला एकदम जरीपटका आठवला. बाजूला लावलेली गाडी, आणि फोन कानाला धरून खिदळणारे सर.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम..."

"वर्गात ज्याचं उत्तर बरोबर येते त्याच्याकडे मास्तर पाहत नाही, वहिनी. चुकते त्यालेच उभं करते. मी जन्मभर तेच केलं." मग घाईने म्हणाले, "पण आज नाही. आज चुकत नाही. तुम्ही नका घाबरू. फक्त ठिपका चालू असू द्या, म्हणजे तिनं पाहिलंच तर दिसलो पाहिजे."

मी पर्समधून माझा हातरुमाल काढला, बाटलीतलं उरलेलं सगळं पाणी त्याच्यावर ओतलं आणि मॅडमच्या कपाळावर ठेवला. तोंडाने मात्र म्हणाले, "मेलीला घाम तरी येतो का पाहा." कारण रडू येऊन राहिलं होतं आणि शालूची पावडर खराब झाली असती, म्हणजे माझ्या तोंडावरची हो. शालू तिकडे पोरीचा होता. बोलायचं भानही राहिलं नाही बघा.

थोड्या वेळाने मॅडमने डोळे उघडले. 'पुढे सरळ जा,' म्हणाल्या. "हो मॅडम," आम्ही दोघंही म्हणालो.

मनसर आलं. 'उजवीकडे वळा.' सरांनी आज्ञाधारकपणे उजवीकडचा इंडिकेटर दिला. लांबवर रामटेकची टेकडी दिसून राहिली होती, वर देऊळ. माझा फोन पर्समध्ये थरथरत होता, भाऊच असणार. मी इंडिकेटरची टिकटिक ऐकली आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"सर, सरळ घ्या."

"अवं, सरळ जबलपूर आहे!"

"मला भूगोल शिकवू नका."

"वहिनी, साक्षगंध... भटजी..."

"भटजीला मी पाहून घेते. पृथ्वी गोल आहे. घ्या सरळ!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. इंडिकेटर बंद केला. रामटेकचं वळण उजव्या हाताने मागे गेलं. मॅडम गप्प झाल्या, बिचाऱ्या नवीन रस्ता शोधून राहिल्या होत्या. आम्ही दोघं रस्ता सोडून त्या स्क्रीनकडे पाहत होतो. सर तर हळूहळू इतके हळू चालवायला लागले की मागून एका बैलगाडीने आम्हाला गाठलं. एक ढाबा गेला. पंक्चरवाला गेला. फोन काही वाजेना. पिंकी मीटिंगमध्ये असेल, मी म्हटलं. हो ना, सर म्हणाले. वळवू या, म्हणाले. मी म्हटलं, तो पुढचा मैलाचा दगड येऊ द्या.

दगड यायच्या आधी फोन वाजला.

सरांनी तो स्टँडवरच स्पीकरवर घेतला. "बाबा! रामटेकला चालले होते ना? काहून गेले पुढं? एवढ्या उन्हात!"

"मी नाही वं बेटा," सर एकदम शाळेतल्या पोरासारखे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "या शेजारच्या वहिनींनं सांगतलं!"

म्हणजे पाहा! मी याच्यासाठी भाचेसुनेचं साक्षगंध खोळंबून ठेवलं, आणि यानं माझीच चुगली केली. पिंकीने मला चांगलं झापलं. काकू, तुम्हालाही रस्ता माहीत नाही का, बाबांना या वयात असं फिरवता का, टोपी घातली का त्यांनी, काही खाल्लं का? मी सगळ्याला हो-नाही करत राहिले. मला जन्मात कोणी एवढं बोलून परत गेलेलं नाही.

उशीर झाला. भाऊ अजून बोलून दाखवतो. भटजींना मी आमरसाच्या दोन वाट्या जास्त वाढून गप्प केलं आणि अंगठी पोरीच्या बोटात बरोबर बसली. पण ते सगळं नंतर. त्या वेळी पिंकी माझ्यावरून परत बाबांवर आली होती. लेकराने शाळेत काय केलं ते सांगत होती, मग स्वतःच थांबून म्हणाली, "बाबा, आता तिकडून वळा. ठेवू का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. वळायची जागा समोरच आली होती.

"वळाची जागाच नाही ना वं माय इकडं," मी ओरडून सांगितलं, "बोलत राहा!"