समरूप श्रुतिपटाची चौदावी दुरुस्ती

मैफलीला तीन माणसं लागतात: एक गाणारा, एक वाजवणारा आणि एक मान डोलावणारा. पहिल्या दोघांवाचून फारसं अडत नाही. (जबलपुरात माइक लागेपर्यंतचा तास-दीड तास त्या दोघांवाचूनच रंगतो.) तिसरा मात्र पाहिजेच, कारण गाणं चांगलं झालं की नाही हे त्याच्या मानेवरूनच ठरतं. मान ही मोठी प्रामाणिक वस्तू आहे. ती कधी खोटं बोलत नाही, कारण ती बोलतच नाही.

विजय नगरातल्या प्रतिमाताईंना हे सत्य उशिरा कळलं. त्यांचे यजमान रत्नाकरराव संरक्षण खात्याच्या एका कारखान्यातून चौतीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाले. सगळी सेवा ड्रॉइंग सेक्शनमध्ये. त्यांच्या एकाही ड्रॉइंगविरुद्ध कधी तक्रार आली नाही, कारण दुरुस्त्या चालूच असल्यामुळे त्यातली बरीचशी यंत्रापर्यंत गेलीच नाहीत. 'ड्रॉइंग फायनल नहीं, तो जॉब मशीन पर नहीं' हे सेक्शनचं ब्रीद त्यांनी निवृत्तीनंतर घरी आणलं. इतर लोक भिंतीवरचं घड्याळ आणतात.

निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात त्यांना पेटीतला अन्याय दिसला. शास्त्रात श्रुती बावीस, आणि पेटीत एका सप्तकात सूर बारा. म्हणजे दहा श्रुती शेकडो वर्षं ताटकळत बाहेर उभ्या. मोबाइलवर शोध घेता त्यांना असंही आढळलं की परदेशात काही लोक षटकोनी पट्ट्यांचे वाद्यपट बनवून राहिले आहेत. या पटावर काळी-पांढरी असा भेद नसतो. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर एका दिशेला सगळीकडे सारखंच असतं. त्यामुळे सा कुठूनही धरा, रागाला बोटांची ठेवण एकच. याला 'समरूप' म्हणतात. रत्नाकररावांनी त्याच दिवशी ड्रॉइंग शीट चिकटवून बावीस श्रुतींच्या अशाच एका 'श्रुतिपटा'चं काम सुरू केलं.

श्रुतिपटाची रचना समजायला सोपी आहे. तीन सप्तकं, प्रत्येकी बावीस श्रुती. त्यासाठी सहा ओळी, प्रत्येक ओळीत बारा षटकोनी पट्ट्या, अशा एकूण सहासष्ट पट्ट्या. उजवीकडच्या पट्टीवर गेलं की चार श्रुती चढतात, तिरपं वर गेलं की तीन. पट्ट्या सिहोऱ्याच्या एका सुताराने शिसवीत घडवल्या. तो एरवी पोळपाट-लाटणी करतो, त्यामुळे पहिल्या खेपेच्या सगळ्या पट्ट्या गोल आल्या. दुसऱ्या खेपेला त्या षटकोनी आल्या. या बदलाची नोंद दुरुस्ती क्रमांक एक अशी आहे.

जाणकारांना इथे एक शंका येईल. बावीस श्रुती मुळात सारख्या अंतराच्या नाहीत, असं संगीतवाले म्हणतात. मग त्या समरूप पटावर बसतील कशा? रत्नाकररावांनी यावर आठ महिने विचार केला आणि श्रुती सारख्या अंतराच्या करून टाकल्या. पेटीने सूर सारखे करून जो अन्याय केला होता, तो आता बावीस ठिकाणी समान वाटला गेला. पंचम जरासा चढा बोलू लागला, हे प्रतिमाताईंच्या कानाला पहिल्याच दिवशी खटकलं. रत्नाकररावांचं म्हणणं पडलं की पंचम बरोबर आहे, कान जुने आहेत.

आता सहासष्ट पट्ट्यांखाली सहासष्ट सूर पाहिजेत, म्हणजे भात्याच्या हवेने बोलणाऱ्या पितळी जिभा, उत्तम प्रतीच्या. ते घरातच होते. ते प्रतिमाताईंच्या पेटीत होते.

ही पेटी त्यांना अनसूयाबाईंनी दिली होती. अनसूयाबाई म्हणजे जबलपुरातल्याच गोरखपुर मोहल्ल्यातल्या एका शाळेतल्या गाण्याच्या बाई. अडतीस वर्षं त्यांनी मुलींना गाणं शिकवलं, आणि हात थरथरायला लागले तेव्हा स्वतःची पेटी सगळ्या शिष्यिणींमध्ये फक्त प्रतिमेला दिली. रत्नाकररावांनी ती दोन महिन्यांसाठी मागून घेतली. दोन महिन्यांची आता सहा वर्षं झाली. सूर काढून, कानशीने घासून बावीस श्रुतींत लावले गेले, उरलेले बिस्किटाच्या डब्यात पडले. पेटीचं रिकामं खोकं कपाटावर क्रोशाच्या रुमालाखाली आहे. आत ड्रॉइंग्ज ठेवली आहेत, कारण त्यांना दमट हवा सोसत नाही.

बाईंची दृष्टी गेली होती, कान शाबूत होते. प्रतिमाताई दर शनिवारी गोरखपुरला जात आणि बाई दर शनिवारी विचारत, "पेटी कशी आहे माझी?" आणि ताई म्हणत, "चांगली आहे न बाई." सहा वर्षांत सुमारे तीनशे शनिवार होतात. तीनशे वेळा खोटं बोलून झालं की माणसाला सवय व्हायला पाहिजे. प्रतिमाताईंना ती झाली नाही. बसमधून परत येताना त्यांना स्वतःची लाज वाटे आणि रागही येई, आणि घरी आल्यावर त्या स्वयंपाकाला लागत.

दरम्यान त्या श्रुतिपट शिकल्या. न शिकून सांगतात कुणाला? त्यात अडचण एकच होती. सा कुठूनही धरता येतो, हा या पटाचा सर्वांत मोठा गुण, आणि त्यामुळेच सा कुठे आहे हे कुणालाच कळत नसे. ताईंचा आवाज काळी चारचा. पटावर काळी नव्हती, तर चौथी कुठून असणार? शेवटी त्यांनी सा असलेल्या पट्टीवर आपली लाल टिकली चिकटवली आणि पंचमावर हिरवी. या दोन टिकल्यांच्या आधाराने चार महिन्यांत त्या देस रागातलं एक भजन बऱ्यापैकी वाजवू लागल्या. सहा वर्षांत श्रुतिपटावर वाजलेलं हे पहिलंच गाणं. रत्नाकररावांनी टिकल्यांबद्दल लेखी हरकत घेतली. (खुणा केल्याने पटाच्या समरूपतेस बाध येतो, क्रमांक तेरा, शेरा दोन.)

अशात मराठी रसिक मंडळाने अनसूयाबाईंचा पंच्याऐंशी वर्षं पूर्ण झाल्यानिमित्त सत्कार करायचं ठरवलं. मंडळाचे सचिव अच्युतराव बाईंना विचारायला गेले की शाल पाहिजे की श्रीफळ. बाई म्हणाल्या की दोन्ही नको, प्रतिमेला सांगा माझ्या पेटीवर देसातलं भजन म्हणायला, एकदा ऐकू द्या. हा निरोप अच्युतरावांनी रत्नाकररावांना दिला आणि रत्नाकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांनी श्रुतिपटाचं जाहीर प्रात्यक्षिक होणार होतं. त्यांनी लगेच माहितीपत्रक छापलं. त्यात प्रत्येक श्रुतीचं नाव, तिचा स्वभाव आणि ती ऐकल्यावर श्रोत्याला काय वाटेल हे दिलं होतं. सोबत अभिप्राय-पत्रक. त्यात एकच प्रश्न: 'बावीस श्रुतींपैकी आपणांस किती ऐकू आल्या?' पर्याय तीन: सर्व, जवळजवळ सर्व, आणि मोजता आल्या नाहीत इतक्या.

प्रतिमाताई चार रात्री नीट झोपल्या नाहीत. कार्यक्रम रविवारी सकाळी अकराचा. शनिवारी त्या सगळं सांगून टाकायचं ठरवून गोरखपुरला गेल्या. बाईंनी नऊवारी काढून ठेवली होती आणि ती कुणाच्या लग्नातली हे सांगण्यात त्यांचा तास गेला. ताई न सांगताच परत आल्या.

रविवारी सभागृहात चौसष्ट माणसं जमली. बाईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं. ताई मंचावर जाणार, तेवढ्यात रत्नाकररावांनी त्यांना बाजूला घेतलं. ते फार खुशीत होते. म्हणाले, "काल तू गोरखपुरला होती न, तेव्हा चौदावी दुरुस्ती करून टाकली. तुझा उजवा हात विनाकारण चार अंगुळं जास्त जाऊन राहिला होता. आता पट उलटा बसवला. चढ डावीकडे."

"आणि टिकल्या?"

"पुसून काढल्या. लोक काय म्हणतील?"

यात रत्नाकररावांचं प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. बायकोचा हात दुखू नये म्हणून शनिवारची दुपारची झोप सोडून सहासष्ट सूर उलटे बसवणारा नवरा विजय नगरात दुसरा नाही. आहे तो एक पुरे आहे.

ताई बसल्या. समोर सारख्याच दिसणाऱ्या षटकोनी पट्ट्या, एकीवरही खूण नाही. त्यांनी भाता चालवला आणि अंदाजाने एक पट्टी दाबली. भलताच सूर निघाला. दुसरी दाबली, तो आणखी भलता. तिसरा तर दोन मांजरांच्या मधला होता. सभागृहात 'वा' उमटलं. अच्युतरावांनी पत्रकात बोट ठेवून शेजारच्याला श्रुतीचं नाव दाखवलं. माना डोलू लागल्या.

चौथ्या पट्टीला सा सापडला. हा सूर ताईंना ओळखीचा वाटला आणि मग कारणही आठवलं. मोजणी जिथून सुरू होते त्या सुराला कानस लावावी लागत नाही. रत्नाकररावांनी मोजणी बायकोच्या काळी चारपासून सुरू केली होती. सहासष्टांत तेवढाच बाईंच्या पेटीतला जसाच्या तसा राहिला होता. ताईंनी मांडीवरच्या अभिप्राय-पत्रकाची घट्ट घडी केली आणि पट्टीच्या फटीत खोचली. पट्टी दबलेली राहिली. मग डाव्या हाताने नुसता भाता हलवत, उजवा हात पदरात घेऊन, त्यांनी त्या एका सुरावर अख्खं भजन म्हटलं. श्रुतिपटाची एकही पट्टी त्यांनी पुन्हा दाबली नाही. आवाज सुरुवातीला कापला, मग लागला. पंचम त्यांनी गळ्यातून लावला, चढा नाही, जिथे असतो तिथे.

टाळ्या बराच वेळ वाजल्या. ताई खाली उतरून बाईंच्या पाया पडल्या. बाईंनी त्यांचा हात धरून ठेवला आणि हळूच म्हटलं, "गायलीस छान. काळी चार माझीच होती. बाकीची कुठं गेली गं?"

ताईंनी तिथेच, सत्काराच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसून, सहा वर्षांचं सगळं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. त्यांनी मान डोलावली नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "काहून लपवलं? मी रागावले असते, आणि मग गप्प बसले असते. तू तर तीनशे शनिवार एकटीच गप्प बसली."

अभिप्राय-पत्रकं अच्युतरावांनी गोळा केली. चौसष्टांपैकी एकसष्ट भरून आली. (उरलेल्या तिघांपैकी बाईंना दिसत नव्हतं, रत्नाकररावांनी निःपक्षपातीपणे पत्रक घेतलं नाही, आणि एक पट्टीत होतं.) एकसष्टही जणांनी 'सर्व' या पर्यायावर खूण केली होती. एका गृहस्थांनी खाली लिहिलं होतं की चौदावी श्रुती विशेष भावली. एका भगिनींना तिसऱ्या कडव्यात दोन श्रुतींच्या मधली श्रुती ऐकू आली होती. मंडळाने त्याच सभेत ठराव करून आपल्या दोन्ही पेट्या रूपांतरासाठी रत्नाकररावांच्या हवाली केल्या आणि प्रतिमाताईंची मूळ पेटी पुढील दुरुस्त्यांसाठी संदर्भ म्हणून खुलीच ठेवावी, असं सर्वानुमते ठरलं.

संध्याकाळी प्रतिमाताईंनी लग्नानंतर पहिल्यांदा यजमानांना समोर बसवून सरळ सांगितलं की माझी पेटी मला परत पाहिजे, सूर नवे आणा, कारागीर लावा, बाई आहेत तोवर ती वाजली पाहिजे. आज भजनाला एकच सूर वाजला होता आणि त्यालाही तुमची कानस लागलेली नव्हती, हेही त्यांनी सांगितलं. रत्नाकररावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकसष्ट कागदांची चळत त्यांच्यापुढे सरकवली. "अगं, एवढ्या लोकांना सगळं ऐकू आलं. तुलाच काहून नाही आलं?" त्यांच्या आवाजात खरोखरची काळजी होती. त्यांनी कानाच्या डॉक्टरची वेळही घेऊन ठेवली.

आता ताई शनिवारी गोरखपुरला जातात तेव्हा बाई स्वतःच बारीक आवाजात काळी चारचा सा धरतात आणि ताई त्यावर गातात. बाईंचा श्वास फार वेळ पुरत नाही. मग दोघी थांबतात, चहा घेतात आणि पुन्हा धरतात. पंधरावी दुरुस्ती प्रगतिपथावर आहे.

हे वाचून विजय नगरच्या रसिकांना हसू नये. वर आम्ही श्रुतिपटाची रचना सांगितली, ती समजायला सोपी आहे असंही बजावलं: सहा ओळी, प्रत्येक ओळीत बारा पट्ट्या, एकूण सहासष्ट. बारा सक बहात्तर हे आपण तिसरीत पाठ केलं होतं. तरी आपण मान डोलावलीत आणि पुढे गेलात. आपला अभिप्राय आम्ही आपल्या वतीने भरून मंडळाकडे पाठवला आहे, 'सर्व' या पर्यायावर खूण करून. प्रतिमाताईंची पेटी आता बासष्ट मतांनी उघडी पडली आहे.